रामसेसच्या कारागिरांच्या दांड्या आणि आपलं ‘डिडन्ट केम’

इंटरव्ह्यूमध्ये ‘प्रोजेक्टबद्दल सांगा’ म्हटलं की चांगले मार्क मिळवलेली मंडळीही ‘वी डिड वेंट टु द साइट’ म्हणून मोकळी होतात. ‘गो-वेंट-गॉन’ पाठ नसतं असं नाही. शाळेपासून घोकलंय की! पण त्या शब्दांनी आपण कधी काही सांगितलेलंच नसतं.

मग सांगायला काहीतरी हवं. सव्वातीन हजार वर्षांपूर्वीच्या इजिप्तमध्ये चला.

देर अल-मदिना हे कारागिरांचं गाव. राजांची थडगी कोरायची, रंगवायची हे त्यांचं काम. दुसऱ्या रामसेसच्या कारकिर्दीतल्या 40व्या वर्षाचं त्यांचं हजेरीपत्रक चुनखडीच्या तुकड्यावर लिहिलेलं सापडलंय, आज ते ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. तारखांच्या वर लाल शाईने दांडीची कारणं! एकाला विंचू चावला, एकाचे डोळे दुखत होते, एक जण बिअर बनवत होता. कुणाचा भाऊ गेला होता. घरात बायकोची किंवा मुलीची पाळी, हेही कारण बिनदिक्कत लिहिलंय.

आता मोठ्याने म्हणा. ‘अ स्कॉर्पियन स्टंग हिम.’ ‘हिज आइज हर्ट.’ (हर्ट बदलत नाही, बिचारं.) ‘ही ब्रूड बिअर.’ ‘ही डिडन्ट कम टु वर्क.’ इथे थांबा. ‘डिड’ आलं की भूतकाळाचं ओझं त्याने उचललं, पुढचं क्रियापद मूळ रूपातच राहतं. ‘डिडन्ट केम’ म्हणजे एकाच दिवसाची दोनदा हजेरी.

खरं तर आपला भूतकाळ जास्त अवघड आहे. तो गेला, ती गेली, ते गेले, त्या गेल्या. इंग्रजीत सगळ्यांना एकच ‘वेंट’. आपण अडकतो ते ‘राहायचे’, ‘प्यायचे’पाशी. तिथे ‘दे वेअर लिव्हिंग’ नको, ‘दे यूज्ड टु लिव्ह’ म्हणा.

याच गावात पुढे तिसऱ्या रामसेसच्या 29व्या वर्षी धान्याच्या रूपातला पगार थकला. कारागीर काम सोडून देवळांपाशी जाऊन बसले. नोंद असलेला जगातला पहिला संप तो हाच, असं मानतात. ‘दे स्टॉप्ट वर्क, लेफ्ट द व्हिलेज अँड सॅट निअर द टेम्पल्स.’ उच्चार ‘स्टॉप्ट’, ‘स्टॉपेड’ नाही. आणि ‘सिटेड’ तर नाहीच नाही!

रोज अशी पाच वाक्यं फोनवर रेकॉर्ड करून स्वतःच ऐका. सुरुवातीला लाज वाटते. पण चूक कानाला जेवढी खटकते, तेवढी वहीत खटकत नाही.

इजिप्त संपलं की मेसोपोटेमियातलं ऊर शहर घ्या. इसवी सन पूर्व 1750च्या सुमारास नान्नी नावाच्या गिऱ्हाइकाने ईआ-नासिर या व्यापाऱ्याला मातीच्या पाटीवर तक्रार लिहिली: तांबं हलक्या प्रतीचं दाखवलं, वर माझ्या माणसाचा अपमान केला. ‘ही पेड.’ ‘ही सेंट अ मेसेंजर.’ ‘ही रोट अ कम्प्लेंट.’ ऑनलाइन मागवलेली वस्तू खराब निघाल्यावर आपण पाठवतो, अगदी तसाच मेल.

नान्नीची बाजू झाली. आता ईआ-नासिरच्या वतीने दहा ओळींचं उत्तर तुम्ही लिहा, सगळं भूतकाळात. खोटं बोललात तरी हरकत नाही, क्रियापद तेवढं बरोबर हवं.