रेणू तोलणारा सूक्ष्म डफ

रावेर, यावल, शिरपूरकडची केळी वखारीत पिकते. त्यासाठी इथिलीन वायू १०० पीपीएमपर्यंत, म्हणजे दहा लाख भागांत शंभर भाग, वापरायला परवानगी आहे. कॅल्शियम कार्बाइडवर मात्र बंदी आहे. त्यातून ॲसिटिलीन निघतो आणि सोबत आर्सेनिक व फॉस्फरसचे विषारी अंश येऊ शकतात. वखारीतल्या हवेत नेमकं काय आहे, हे जागेवरच कळलं तर खाणाऱ्याचं आणि तिथे राबणाऱ्याचंही भलं होईल. हवेतले रेणू तोलण्याची एक नवी वाट मुंबईतही शोधली जात आहे.

तिचं तत्त्व आपल्या ओळखीचं आहे. होळीला डफ वाजवण्याआधी तो आगीजवळ शेकतात. कातडं ताणलं जातं आणि स्वर चढतो. उलट, तबल्याच्या पुडीवर शाई भरली की वजन वाढून स्वर उतरतो.

टाटा मूलभूत संशोधन संस्थेत प्रा. मंदार देशमुख यांचा गट असेच सूक्ष्म डफ बनवतो. पडदा ग्राफीनचा, म्हणजे कार्बन अणूंच्या मोजक्या थरांचा. रुंदी केसाच्या जाडीहूनही कितीतरी कमी. तो सेकंदाला कोट्यवधी वेळा थरथरतो. इथे शेकायची गरज नसते. खालून विद्युतदाब दिला की पडदा ओढला जाऊन ताणतो आणि स्वर हवा तसा लावता येतो. २०१६ मध्ये या गटाने अशा डफाची दोन वेगवेगळी कंपनं विजेच्या साह्याने एकमेकांशी जोडून दाखवली.

पडदाच इतका हलका, की त्यावर थोडे रेणू बसले तरी स्वर उतरतो. २०१२ मध्ये बार्सिलोनातल्या शास्त्रज्ञांनी कार्बनच्या अतिसूक्ष्म नळीवर एका प्रोटॉनच्या वजनाएवढा फरक टिपला.

पण डफ वजन सांगतो, नाव सांगत नाही. पाण्याची वाफ बसली काय किंवा इथिलीन बसला काय, स्वर उतरणारच. म्हणून पडद्यावर ठरावीक रेणूच धरून ठेवणारा लेप द्यावा लागतो. शिवाय इतकी नाजूक मापनं निर्वात, अतिथंड यंत्रात होतात. वखारीतल्या दमट हवेत पडद्याची थरथर लगेच मंदावते. असा सेन्सर तिथे टिकवणं हेच पुढचं काम आहे.

तोवर कोणतंही फळ खाण्याआधी स्वच्छ पाण्याने नीट धुवा, हा अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा साधा सल्ला पाळलेला बरा.