उसाला केवडा पडतो तेव्हा



उसाचे पान पिवळे दिसले की आपल्याकडे हात आपोआप युरियाच्या पोत्याकडे जातो. पान पिवळे म्हणजे खत कमी पडले, असा एक ठाम समज आहे. हा समज कधी बरोबर निघतो, पण चुकला तर खताचा खर्च वाया जातो आणि त्याहून वाईट म्हणजे खोडव्याच्या वाढीचे दिवस हातचे जातात.

आमचाही एकदा असाच अंदाज चुकला. एका सभासदाच्या दीड एकर खोडव्याला पिवळेपणा आला होता. आम्ही बांधावरूनच पाहिले आणि सांगितले, नत्राचा हप्ता द्या. त्यांनी दिला. पंधरा दिवसांनी ते ऑफिसात आले. म्हणाले, "साहेब, आता तर पांढराच पडलाय. मोडून टाकतो, दुसरं काहीतरी करतो." मग मात्र आम्ही सरीत उतरलो. शेंड्याचे पान उन्हाकडे धरून पाहिले, तर पान पिवळे, पण त्यातल्या शिरा हिरव्यागार! पट्ट्यापट्ट्यांचे कापड असावे तसे. खालची जुनी पाने मात्र बऱ्यापैकी हिरवी होती. हे आधीच पाहायला हवे होते. नत्राचा यात काही संबंध नव्हता, हा लोहाच्या कमतरतेचा केवडा होता.

इथे एक गोष्ट नीट समजून घ्यावी, म्हणजे पुढचे सगळे सोपे जाते. नत्र हे झाडात फिरते अन्न आहे. जमिनीतून कमी मिळाले की झाड जुन्या पानातले काढून नव्या पानाला देते. म्हणून नत्र कमी पडले तर तळाची पाने आधी, आणि सगळीच्या सगळी, शिरांसकट पिवळी पडतात. लोहाचे तसे नाही. ते ज्या पानात गेले तिथेच राहते. म्हणून लोह कमी पडले की शेंड्याचे कोवळे पान आधी उपाशी राहते. थोडक्यात, पिवळेपणा खालून चढतो आहे की वरून उतरतो आहे, हे पाहिल्याशिवाय खताचे पोते सोडू नये.

आता कोणी म्हणेल, आमच्या जमिनीत लोहाला काय तोटा? बरोबर आहे. आपली माती काळ्या खडकापासून झालेली, तिच्यात लोह भरपूर असते. पण ज्या जमिनीत चुनखडी जास्त, तिथे ते मुळांना घेता येईल अशा रूपात राहत नाही. गंज चढल्यासारखे घट्ट होऊन बसते. वरून विहिरीचे जड पाणी, त्यातही वाफसा न येऊ देता पाण्यावर पाणी, मग मुळांना हवा मिळत नाही आणि केवडा बळावतो. खोडव्यात तो जास्त दिसतो, कारण तोडणीनंतर जुनी मुळे मरत असतात आणि फुटव्यांची नवी मुळे अजून पुरेशी धरलेली नसतात. तुमच्या जमिनीत चुनखडी आहे की नाही याची साधी परीक्षा अशी : ढेकळावर पातळ केलेल्या तेजाबाचे दोन थेंब टाकावेत. माती फसफसली की समजावे. तेजाब जपून हाताळावे, पोराबाळांच्या हाती देऊ नये.

लोहाच्या पाण्याने पिवळे पान हिरवे होते हे फ्रान्समध्ये ग्रीस नावाच्या शास्त्रज्ञाने 1843-44 च्या सुमारास दाखवून दिले. तीच परीक्षा आम्ही त्या खोडव्यात केली. लिटरभर पाण्यात 5 ग्रॅम हिराकस विरघळवली, कापसाच्या बोळ्याने दहा-बारा पानांच्या फक्त एका बाजूला लावली आणि त्या पानांना दोरा बांधला. आठव्या दिवशी सभासद स्वतः पान घेऊन आले. अर्धे हिरवे, अर्धे पिवळे. खोडवा मोडायचा बेत तिथेच राहिला. ही परीक्षा कोणालाही करता येते आणि तिला खर्च जवळजवळ नाही.

परीक्षा लागू पडली की फवारणी करावी. 100 लिटर पाण्यात 500 ग्रॅम हिराकस आणि 1 किलो युरिया घ्यावा. द्रावण प्लॅस्टिकच्या पिंपात ताजे करून सकाळी किंवा उन्हे उतरल्यावर मारावे. हिराकस हिरवट असावी. तपकिरी, गंजकट झालेली घेऊ नये, तिचा गुण गेलेला असतो. लवकर गुण यावा म्हणून दुप्पट मात्रा घेतली तर पाने करपतात, हेही पाहिले आहे. लोह पानातून पुढे सरकत नाही, तेव्हा नंतर निघालेले पान पुन्हा पिवळे दिसेल. म्हणून 8 ते 10 दिवसांच्या अंतराने दोन-तीन फवारण्या लागतात.

जमिनीतून द्यायची तर एकरी 10 किलो हिराकस सुमारे 100 किलो चांगल्या कुजलेल्या शेणखतात मिसळून, ओलसर ठेवून पाच-सहा दिवस मुरवावी आणि मग सरीत द्यावी. चुनखडीच्या जमिनीत नुसती फेकली तर तीही घट्ट होऊन बसते, म्हणजे पैसे मातीत गेले. दुकानात चिलेटेड लोहाच्या पुड्या मिळतात. त्यांतले ईडीटीए प्रकारचे फवारणीला चालते, पण चुनखडीच्या जमिनीत टिकत नाही. जमिनीतून द्यायला ईडीडीएचए प्रकारचे लागते आणि ते महाग असते. पुडीवरचे नाव वाचून घ्यावे, दुकानदाराच्या तोंडावर जाऊ नये.

पण सगळाच पिवळेपणा केवडा नव्हे. एखादेच बेट पांढरे, गवतासारखे बारीक फुटवे खच्चून आलेले, पानात हिरव्या शिराही नाहीत, तर तो गवताळ वाढीचा रोग. त्याला हिराकस मारून उपयोग नाही. बेट मुळासकट काढून जाळावे आणि त्या शेतातले बेणे कोणाला देऊ नये, कारण हा रोग बेण्यातून जातो. पावसाळ्याच्या उत्तरार्धात ठिकठिकाणी बेटे पिवळी पडून वाळू लागली आणि हिसका देताच उपटून हातात आली, तर खाली हुमणी आहे. जुन्या पानांच्या कडा आणि टोके करपली असतील तर पालाशाचा विचार करावा. आणि शेतात पाणी साचले असेल तर कोणतेही औषध विकत घेण्याआधी चर काढावा.

घरच्या मंडळींनीही हे वाचावे. अंगणात डब्यात लावलेला मोगरा किंवा जास्वंद वरून पिवळी पडते, शिरा तेवढ्या हिरव्या राहतात, ती बहुधा याच दुखण्याने. डब्याला खाली भोक नसते, पाणी जड आणि शेजारी भिंतीचा पडलेला चुना. भोक पाडावे, माती बदलावी आणि हिराकशीचे वरच्याच मात्रेचे पाणी पानांवर शिंपडावे.

शेतकी खात्यात दाखवायला येताना एकच पान खिशात घालून आणू नये. शेंड्याचे, मधले आणि तळाचे अशी तीन पाने ओल्या फडक्यात गुंडाळून आणावीत. सोबत त्याच जागची अर्धा किलो माती आणि विहिरीचे बाटलीभर पाणी असावे. बाटली त्याच पाण्याने दोनदा विसळून भरावी, औषधाची रिकामी बाटली नको.