आभासी वास्तव हेडसेटमधील संवेदक आणि समायोज्य भिंगे

आभासी वास्तव हेडसेट हे डोक्यावर बांधून वापरावयाचे दृश्य-उपकरण होय. प्रत्येक डोळ्यासमोर एक भिंग आणि भिंगामागे एक लहान पडदा किंवा पडद्याचा अर्धा भाग अशी त्याची मूळ रचना असते. दोन्ही डोळ्यांना एकाच दृश्याच्या किंचित वेगळ्या कोनांतील प्रतिमा दाखविल्या जातात आणि मेंदू त्यांतून खोली असलेले एकसंध दृश्य जुळवितो. एवढेच असते तर हे उपकरण चार्ल्स व्हीटस्टन यांनी १८३८ मध्ये वर्णन केलेल्या त्रिमितिदर्शकाची सुधारित आवृत्ती ठरले असते. हेडसेट त्याहून वेगळा ठरतो तो दोन कारणांनी. डोके वळविले की दृश्यही त्याच क्षणी वळते, हे काम संवेदकांचे. आणि दृश्य प्रत्येकाच्या डोळ्यांना जुळावे यासाठी भिंगे हलवावी लागतात, हे काम समायोजनाचे. पहिल्या कामात मोठी प्रगती झाली आहे. दुसरे अजून अपुरे आहे.

पूर्वपीठिका

संगणकाने काढलेले चित्र डोक्याच्या हालचालीबरोबर बदलणारे पहिले महत्त्वाचे उपकरण अमेरिकी संगणकतज्ज्ञ आयव्हन सदरलंड यांनी १९६८ मध्ये सादर केले. छतापासून खाली येणारा यांत्रिक दांडा डोक्याला जोडलेला असे आणि दांड्याच्या हालचालींवरून संगणकाला डोक्याची स्थिती कळे. स्वनातीत ध्वनीवर चालणारी दुसरी पद्धतही त्यांनी वापरून पाहिली होती. निंटेंडो कंपनीच्या १९९५ मधील व्हर्च्युअल बॉय या खेळयंत्रात याच्या नेमकी उलट परिस्थिती होती. त्यात डोक्याचा मागोवा घेणारा संवेदक नव्हता, पण भिंगांमधील अंतर आणि प्रतिमेची स्पष्टता जुळविण्याची दोन्ही साधने होती. पुढे स्मार्टफोनमुळे गतिसंवेदक आणि लहान पडदे स्वस्त झाले. पामर लकी यांच्या ऑक्युलस रिफ्टसाठी २०१२ मध्ये लोकवर्गणीतून निधी उभा राहिला, तो या स्वस्ताईच्या आधारावर.

डोक्याच्या हालचालींचे मापन

प्रत्येक हेडसेटमध्ये सिलिकॉनवर कोरलेला सूक्ष्म जायरोस्कोप आणि त्वरणमापक असतो; काहींत चुंबकमापीही असतो. जायरोस्कोप डोके किती वेगाने वळत आहे ते सेकंदाला सुमारे एक हजार वेळा सांगतो. वेगांची बेरीज करीत गेले की वळण्याचा कोन मिळतो. मात्र प्रत्येक मापनातील बारीकशी चूकही त्या बेरजेत साचत जाते आणि काही वेळाने दृश्य आपोआप एका बाजूला सरकू लागते. ही चूक सुधारण्यासाठी त्वरणमापकाची मदत होते, कारण गुरुत्वाकर्षणामुळे खालची दिशा कोणती हे त्याला नेहमी कळते. डावी-उजवीकडील वळणाला गुरुत्वाचा उपयोग नाही. तेथे चुंबकीय उत्तरेचा किंवा कॅमेऱ्याचा आधार घ्यावा लागतो.

डोके किती वळले हे अशा रीतीने बऱ्यापैकी कळते. ते कोठे सरकले हे कळणे फार कठीण. त्वरणापासून अंतर काढताना दोनदा बेरीज करावी लागते, त्यामुळे चूक वेळेच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. समजा, त्वरणमापक दर सेकंद वर्गास केवळ ०.०१ मीटर इतके चुकीचे त्वरण दाखवीत आहे. दहा सेकंदांनंतर स्थानातील चूक ½ × ०.०१ × १०० म्हणजे अर्धा मीटर होईल. स्थिर बसलेल्या माणसाला आपण जागेवरून घसरत आहोत असे वाटायला एवढे पुरे. म्हणून स्थान ओळखण्यासाठी बाहेरील जगातला काहीतरी पक्का संदर्भ लागतोच.

हा संदर्भ मिळविण्याच्या पद्धती काळानुसार बदलल्या. ऑक्युलसच्या २०१४ मधील दुसऱ्या विकसक-संचात हेडसेटवर अवरक्त दिवे होते आणि समोर ठेवलेला कॅमेरा ते टिपत असे. एचटीसी कंपनीच्या २०१६ मधील व्हाइव्हने हीच रचना उलटी केली. खोलीच्या कोपऱ्यांत दोन मनोरे बसवीत. मनोरा आधी अवरक्त प्रकाशाचा एक लखलखाट करी आणि मग लेझरचा पट्टा खोलीभर फिरवी. हेडसेटवरील प्रकाशसंवेदक लखलखाट आणि पट्टा यांमधील वेळ मोजत. पट्टा फिरविणारे चक्र सेकंदाला ६० फेऱ्या घेई, म्हणजे एक अंश फिरायला त्याला सुमारे ४६ मायक्रोसेकंद लागत. तेव्हा वेळ मोजला की कोन मिळाला. मनोऱ्याला हेडसेटची काहीही माहिती नसे. दीपस्तंभ फक्त फिरतो, आपण कोठे आहोत हे जहाजानेच ठरवायचे, तसे हे होते. या पद्धतीचे नावही दीपस्तंभावरूनच, लाइटहाउस, असे पडले.

आज बहुतेक हेडसेटवर बाहेरच्या बाजूस कॅमेरे असतात. भिंतीचा कोपरा, टेबलाची कड, चित्राची चौकट अशा ठळक खुणा हे कॅमेरे टिपतात, त्यांपासून खोलीचा नकाशा बनवितात आणि त्याच नकाशात स्वतःचे स्थान शोधतात. २०१९ च्या ऑक्युलस क्वेस्टमध्ये असे चार कॅमेरे होते. मनोऱ्यांची आणि तारांची गरज संपली, परंतु नव्या मर्यादा आल्या. अंधारात, कोऱ्या पांढऱ्या भिंतींच्या खोलीत किंवा मोठ्या आरशासमोर ही पद्धत गोंधळते.

या सर्व मापनांना वेळेची कडक मर्यादा असते. डोके वळल्यापासून बदललेले चित्र डोळ्यांपर्यंत पोहोचण्यास साधारणतः २० मिलिसेकंदांपेक्षा अधिक वेळ लागू नये असे मानले जाते. आतील कान ‘डोके वळले’ असे सांगतो आणि डोळे ‘अजून नाही’ म्हणतात, तेव्हा मळमळ सुरू होते. सेकंदाला ९० चित्रे दाखविणाऱ्या हेडसेटमध्ये एका चित्राच्या वाट्याला जेमतेम ११ मिलिसेकंद येतात. त्यामुळे डोके पुढच्या क्षणी कोठे असेल याचा अंदाज बांधून चित्र आधीच काढतात आणि दाखविण्यापूर्वी शेवटच्या मापनानुसार ते किंचित सरकवून घेतात.

भिंगांचे कार्य

डोळ्यांपासून काही सेंटिमीटरवरील पडदा नुसत्या डोळ्यांना स्पष्ट दिसू शकत नाही. म्हणून पडदा बहिर्गोल भिंगाच्या नाभीय अंतराच्या किंचित आत ठेवतात. अशा वेळी मोठी, सुलट आणि दूरवरची आभासी प्रतिमा मिळते, हे दहावीच्या विज्ञानात शिकविले जाते. ‘आभासी वास्तव’ या संज्ञेतील आभासी आणि प्रकाशशास्त्रातील आभासी हे शब्द वेगवेगळ्या वाटांनी आले असले, तरी हेडसेटमध्ये ते अक्षरशः एकाच ठिकाणी भेटतात.

ही प्रतिमा बहुतेक उपकरणांत सव्वा ते दोन मीटर अंतरावर तयार होते. पडदा डोळ्यांजवळ असल्याने निकटदृष्टिता असलेल्यांना हेडसेटमध्ये चष्मा लागणार नाही, हा समज त्यामुळे चुकीचा ठरतो. उणे तीन डायॉप्टरचा चष्मा असलेल्या व्यक्तीला चष्म्याविना साधारण ३३ सेंटिमीटरपर्यंतचेच स्पष्ट दिसते. दीड मीटरवरील प्रतिमा तिला धूसरच दिसणार. याउलट ज्यांना वयोमानाने केवळ वाचनापुरता चष्मा लागतो, त्यांना हेडसेटमध्ये बहुधा त्याची गरज पडत नाही. चष्मेवाल्यांसाठी तीन मार्ग आहेत. काही हेडसेटमध्ये भिंग डोळ्यापासून दूर नेऊन चष्म्याला जागा करता येते. काहींत चष्म्याच्या क्रमांकाची वेगळी भिंगे बसविता येतात. ॲपल व्हिजन प्रोसाठी ती झाइस कंपनी बनविते. तिसरा मार्ग म्हणजे हेडसेटमध्येच क्रमांक जुळविणारी चकती. सॅमसंग गिअर व्हीआरमध्ये प्रतिमा स्पष्ट करणारे चाक होते आणि एचटीसी व्हाइव्ह एक्सआर एलिटमध्ये प्रत्येक डोळ्यासाठी स्वतंत्र चकती आहे. दृष्टिवैषम्याचा चष्मा असलेल्यांचा प्रश्न मात्र अशा चकतीने सुटत नाही.

बाहुल्यांमधील अंतर

दोन डोळ्यांच्या बाहुल्यांमधील अंतर प्रौढांमध्ये सरासरी सुमारे ६३ मिलिमीटर असते. बहुसंख्य प्रौढ ५० ते ७५ मिलिमीटरच्या दरम्यान बसतात आणि लहान मुलांमध्ये ते ४० पर्यंत खाली येऊ शकते. भिंगांचे मध्य बाहुल्यांसमोर नसतील तर प्रतिमेच्या कडा अस्पष्ट दिसतात, अंतराचा अंदाज चुकतो आणि डोळ्यांवर ताण येतो.

२०१६ च्या ऑक्युलस रिफ्टमध्ये हे अंतर ५८ ते ७२ मिलिमीटरपर्यंत बदलता येई. पुढे उत्पादक मागे सरकले. २०१९ च्या रिफ्ट एसमध्ये भिंगे सुमारे ६३.५ मिलिमीटरवर कायमची बसविलेली होती आणि उरलेली जुळणी सॉफ्टवेअरवर सोडली होती. सॉफ्टवेअर चित्र सरकवू शकते. काचेचा मध्य ते हलवू शकत नाही. तोपर्यंत कंपनीतून बाहेर पडलेल्या लकी यांनी आपल्या डोळ्यांतील अंतरामुळे हा हेडसेट आपल्याला वापरता येत नाही, असे जाहीरपणे लिहिले. २०२० च्या क्वेस्ट २ मध्ये ५८, ६३ आणि ६८ अशा तीनच खाचा होत्या. क्वेस्ट ३ मध्ये २०२३ साली पुन्हा फिरते चाक आले, तर ॲपल व्हिजन प्रोमध्ये डोळे टिपणाऱ्या कॅमेऱ्यांच्या साहाय्याने लहान मोटारी भिंगे आपोआप जागेवर नेतात.

हा केवळ सोयीचा प्रश्न नाही. आभासी वास्तवात स्त्रियांना मळमळ अधिक होते असे अनेक वर्षे सांगितले जात होते आणि त्याची कारणे स्त्रियांच्या शरीरात शोधली जात होती. के स्टॅनी आणि सहकाऱ्यांनी २०२० मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधनात प्रमुख कारण वेगळेच आढळले: वापरलेल्या हेडसेटची भिंगे अनेक स्त्रियांच्या डोळ्यांना जुळतच नव्हती. ज्यांना ती नीट जुळली, त्या स्त्रियांचा त्रास पुरुषांसारखाच होता. स्त्रियांच्या बाहुल्यांमधील सरासरी अंतर पुरुषांपेक्षा सुमारे दोन मिलिमीटरने कमी असते. सरासरीतील हा फरक किरकोळ वाटला, तरी खालच्या मर्यादेबाहेर पडणाऱ्यांमध्ये त्यामुळे स्त्रियांचीच संख्या जास्त होते. मुलांची स्थिती याहून अवघड आहे. मेटा कंपनीने २०२३ मध्ये पालकांच्या देखरेखीखाली वापरासाठी किमान वय तेरावरून दहावर आणले. शाळांत हेडसेट घेताना किमतीच्या आधी भिंगांमधील किमान अंतर पाहणे त्यामुळे आवश्यक ठरते.

न सुटलेला पेच

प्रत्यक्ष जगात जवळची वस्तू पाहताना दोन गोष्टी एकदम घडतात: दोन्ही डोळे आत वळतात आणि डोळ्यातील भिंग जाड होते. हेडसेटमध्ये डोळे वळतात, पण प्रतिमा नेहमी ठराविक अंतरावरच असल्याने भिंगाने जाड होऊन चालत नाही. जन्मापासून जोडीने चालणाऱ्या या दोन क्रियांची फारकत झाल्याने थकवा येतो. वृद्धदृष्टिता आलेल्यांच्या डोळ्यांची समायोजन शक्ती आधीच क्षीण झालेली असते, म्हणून त्यांना हा विसंवाद कमी जाणवतो. वयाचा असा लाभ विरळाच. यावर उपाय म्हणून फेसबुकच्या प्रयोगशाळेने हाफ डोम नावाचे नमुने तयार केले. पहिल्यात पडदाच मागे-पुढे सरकत असे. २०१९ मध्ये मांडलेल्या तिसऱ्यात हलणारा भाग नव्हता; द्रवस्फटिकांच्या सहा भिंगांचे थर चालू-बंद करून ६४ वेगवेगळी प्रतिमा-अंतरे मिळविली होती. सर्वसामान्य ग्राहकांच्या हेडसेटमध्ये ही योजना अद्याप रुळलेली नाही.

डोळ्यांचा मागोवा आणि खासगीपण

भिंगाभोवतीचे अवरक्त दिवे डोळा उजळतात आणि लहान कॅमेरा बाहुली व पारपटलावरील चमक टिपतो. त्यांच्या परस्पर स्थितीवरून नजरेची दिशा कळते. दृष्टिपटलाच्या मध्यभागातील अगदी लहान क्षेत्रालाच बारकावे दिसत असल्याने, नजर जेथे आहे तेथेच चित्र तपशिलाने काढून संगणकाचे श्रम वाचविता येतात. प्लेस्टेशन व्हीआर २ मध्ये ही युक्ती वापरली आहे.

पण नजर कोठे रेंगाळते हे कळणे म्हणजे माणसाचे लक्ष, आवड, कधी आजारही कळणे. ॲपलने नजरेची माहिती अनुप्रयोगांना न देण्याचे धोरण ठेवले आहे. सर्व उत्पादकांवर तसे बंधन नाही. कॅमेऱ्याने डोळे टिपले नाहीत तरी ओळख लपत नाही. बर्कली येथील कॅलिफोर्निया विद्यापीठातील संशोधकांनी २०२३ मध्ये एका संगीतखेळाच्या ५५ हजारांहून अधिक खेळाडूंच्या केवळ डोक्याच्या व हातांच्या हालचाली तपासल्या. शंभर सेकंदांच्या नोंदीवरून ९४ टक्क्यांहून अधिक वेळा खेळाडू अचूक ओळखता आला, तर दहा सेकंदांच्या नोंदीवरून ७३ टक्के वेळा. या हालचालींची नोंद बंद करण्याचा पर्याय वापरणाऱ्याला देता येत नाही, कारण तीच थांबविली तर दृश्यही थांबते.