कार्बन-कर : हिशेब आणि लोकमत

एक लिटर पेट्रोलचे वजन सुमारे पाऊण किलोग्रॅम. ते जळले की सुमारे २.३ किलोग्रॅम कार्बन डायॉक्साइड निर्माण होतो. ही वाढ कोठून आली? पेट्रोलातील कार्बन हवेतील ऑक्सिजनशी संयोग पावतो, म्हणून. हा वायू पृथ्वीची उष्णता अडवितो. त्याने होणारी हानी सर्वांना सोसावी लागते. पेट्रोलच्या किमतीत मात्र ती धरलेली नसते. ती धरावी, म्हणजे लोक आपण होऊन इंधन जपून वापरतील, हे कार्बन-कराचे तत्त्व होय.

ज्या प्रांतांची स्वतःची पुरेशी योजना नव्हती, तेथे कॅनडाच्या केंद्र सरकारने २०१९ साली अशी आकारणी सुरू केली. टनामागे २० कॅनडियन डॉलर असलेला दर २०२४ साली ८० वर गेला. म्हणजे पेट्रोलच्या लिटरमागे सुमारे साडेसतरा सेंट. उत्पन्नाचा बहुतांश भाग कुटुंबांना परत मिळे. परताव्याची रक्कम इंधनाच्या खर्चावर अवलंबून नसे; त्यामुळे जो कमी जाळी, त्याचा लाभ होई. काही प्रांतांनी दाद मागितली. परंतु २०२१ साली सर्वोच्च न्यायालयाने कायदा वैध ठरविला.

तरीही वाद शमला नाही. कर पेट्रोल भरताना दर खेपेस जाणवे. परतावा तीन महिन्यांनी खात्यात निमूट जमा होई. २०२३ साली घरे तापविण्याच्या तेलाला सूट मिळाली, तेव्हा नैसर्गिक वायू वापरणाऱ्यांना तो पक्षपात वाटला. अखेर १ एप्रिल २०२५ पासून ग्राहकांवरील आकारणी शून्यावर आली. मोठ्या उद्योगांवरील तेवढी राहिली.

हिशेब बरोबर असणे पुरेसे नाही. ज्यांनी पैसे द्यावयाचे, त्यांना तो पटावाही लागतो.