कट्ट्याची केस नेमकी कुठे सुटते?

‘कट्टा घेऊन फिरणारा आठ दिवसांत बाहेर येतो. आपल्या कायद्यालाच धार नाही, शिक्षा वाढवा.’ नाशिकमध्ये सातपूर, सिडको, पंचवटी, कुठेही गोळीबाराची बातमी आली की हे वाक्य ऐकू येतं. ऑक्टोबर 2025 मध्ये ‘नाशिक जिल्हा, कायद्याचा बालेकिल्ला’ ही घोषणा गाजली. पकडलेल्यांच्या तोंडून ती वदवून घेतलेले व्हिडिओ मोबाइलवर फिरले आणि या वाक्याला जोड मिळाली: ‘पोलीस पकडतात, कोर्ट सोडतं.’ चांगली शिकलेली माणसंही हे छातीठोकपणे सांगतात, तेव्हा कायद्याचं पुस्तक त्यांच्यापुढे आपटावंसं वाटतं.

आधी शिक्षाच पाहू. विनापरवाना पिस्तूल बाळगणाऱ्याला शस्त्र अधिनियम, 1959 चं कलम 25 लागतं. डिसेंबर 2019 च्या दुरुस्तीपूर्वी त्यात किमान एक आणि कमाल तीन वर्षं कैद होती. आता किमान दोन, कमाल पाच. बेकायदा कट्टे बनवणाऱ्याला वा विकणाऱ्याला सात वर्षांपासून जन्मठेपेपर्यंत. एके-47 सारखं प्रतिबंधित शस्त्र बाळगलं तर सात ते चौदा वर्षं. साध्या पिस्तुलाच्या गुन्ह्यात किमान शिक्षेच्या खाली उतरायचं तर न्यायाधीशाला तशी खास कारणं निकालपत्रात लिहावी लागतात. म्हणजे ज्यांना शिक्षा वाढवून हवी आहे, त्यांची मागणी संसदेने कधीच मान्य केली आहे.

मग ‘एकच वर्ष झालं’ अशा बातम्या का येतात? गुन्हा 2018 चा असेल, तर निकाल आज लागला तरी शिक्षा 2018 च्या कायद्याप्रमाणेच होते. मागाहून वाढवलेली शिक्षा जुन्या गुन्ह्याला लावता येत नाही. राज्यघटनेचा अनुच्छेद 20 आडवा येतो. दुसरी गोष्ट क्वचितच कुणी सांगतं. प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांना तीन वर्षांहून जास्त कैद सुनावण्याचा अधिकारच नाही. आरोपी त्याहून कडक शिक्षेला पात्र आहे असं त्यांना वाटलं, तर प्रकरण मुख्य न्यायदंडाधिकाऱ्यांकडे पाठवावं लागतं.

आणि जामीन म्हणजे सुटका नव्हे, हे अजून किती वेळा सांगायचं? हा गुन्हा अजामीनपात्र आहे, याचा अर्थ जामीन हक्क म्हणून मागता येत नाही, एवढाच. कोर्ट तो देऊ शकतं. शिवाय अशा गुन्ह्यात 60 दिवसांत दोषारोपपत्र गेलं नाही, तर कोठडीतल्या आरोपीला जामिनाचा हक्कच मिळतो. त्या उशिराचा जाब कोर्टाला विचारून उपयोग नाही.

खटला निसटतो तो पुराव्यात. पोलिसांच्या प्रेसनोटचा साचा ठरलेला असतो: गुप्त बातमीदाराकडून खबर, सापळा, अंगझडती, कमरेला खोचलेला गावठी कट्टा आणि जिवंत काडतुसं. काही वर्षांनी पंच साक्षीला उभा राहतो आणि सांगतो, ‘सही करायला सांगितली, मी केली.’ पंच फितूर झाला. केवळ पोलिसांच्या विश्वासार्ह साक्षीवरही शिक्षा होऊ शकते, पण मग बाकी कागद पक्के हवेत. कट्टा जागेवरच मोहोरबंद केला का? मालखान्याच्या नोंदीतलं वर्णन पंचनाम्याशी जुळतं का? शस्त्र चालू स्थितीत असल्याचा अहवाल आहे का?

त्यावर शस्त्र अधिनियमाचं कलम 39. विनापरवाना बंदुकीचा खटला जिल्हादंडाधिकाऱ्यांच्या पूर्वमंजुरीशिवाय चालवता येत नाही. पोलीस आयुक्तालयाच्या हद्दीत हा अधिकार आयुक्तांचा. म्हणजे पंचवटीत सापडलेल्या कट्ट्याची मंजुरी शहराचे पोलीस आयुक्त देणार, निफाडमध्ये सापडलेल्याची जिल्हाधिकारी. कागद न वाचता सही झाल्याचं उलटतपासणीत दिसलं, की बचावपक्षाला आयतं कोलीत मिळतं. कट्टा सामाईक खोलीत सापडला असेल, तर तो या आरोपीच्या जाणतेपणी आणि ताब्यात होता हेही सिद्ध करावं लागतं. सर्वोच्च न्यायालयाने 1972 च्या गुणवंतलाल खटल्यात हे स्पष्ट केलं आहे. यातली एकही त्रुटी शिक्षा पाचाची पंधरा वर्षं केल्याने बुजणार नाही. उलट शिक्षा जितकी जड, तितकं कोर्ट पुरावा बारकाईने पाहतं.

जुलै 2024 पासून नव्या नागरिक सुरक्षा संहितेने झडती आणि जप्तीचं चित्रीकरण बंधनकारक केलं आहे. एकट्या पंचाच्या आठवणीवर टांगलेल्या खटल्यांना त्याचा आधार होईल. घोषणांच्या व्हिडिओंपेक्षा हे व्हिडिओ मला मोलाचे वाटतात.

‘बड्यांना सगळं माफ’ याला पुरावा म्हणून हमखास अभिनेता संजय दत्तचं नाव येतं. टाडा या दहशतवादविरोधी कायद्याखालच्या आरोपातून तो सुटला, हे खरं. पण शस्त्र कायद्याखाली 2007 मध्ये त्याला सहा वर्षांची शिक्षा झाली. सर्वोच्च न्यायालयाने 2013 मध्ये ती पाचावर आणली, म्हणजे प्रतिबंधित शस्त्रासाठी तेव्हाच्या कायद्यातली किमान. त्याखाली कोर्ट गेलं नाही. चांगल्या वर्तनाच्या हमीवर सोडण्याची विनंतीही फेटाळली. तुरुंगातल्या रजा आणि सूट यांवर जरूर भांडा, पण तो कारागृह प्रशासनाचा विषय आहे.

बाकीचे गैरसमज भराभर. ‘हा इंग्रजांचाच कायदा’: नाही. कलेक्टर जॅक्सनच्या वधाच्या वेळी, 1909 मध्ये, नाशकात 1878 चा कायदा होता. आजचा 1962 पासून लागू आहे. ‘स्वसंरक्षणासाठी बंदूक हा हक्क’: असा मूलभूत हक्क आपल्या घटनेत नाही, सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी 2023 मध्ये अमेरिकेशी तुलना करून हे बोलून दाखवलं. ‘लायसन असलं की वरातीत बार काढता येतो’: निष्काळजीपणे काढला तर दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. ‘तडीपारी ही मवाळ शिक्षा’: ती शिक्षाच नाही, प्रतिबंधक कारवाई आहे, जास्तीत जास्त दोन वर्षांची. ‘कोयत्याला आर्म्स ॲक्ट लागत नाही’: शेतातल्या कोयत्याला नाही. पण केवळ शेती-घरकामासाठी नसलेलं, 9 इंचांहून लांब किंवा 2 इंचांहून रुंद पात्याचं हत्यार, सरकारने अधिसूचित केलेल्या भागात विनापरवाना बाळगलं, तर कलम 4 आणि 25 लागतात, आणि तिथेही पंचनामा तितकाच पक्का लागतो.