अक्षरांआधीचे वाचन

मुलाला अक्षरओळख झाली की त्याचे वाचन सुरू होते, असा सर्वसाधारण समज आहे. लेखिका व चित्रकार माधुरी पुरंदरे यांच्या पुस्तकांनी तो खोटा ठरवला. १९५२ मध्ये पुण्यात जन्मलेल्या पुरंदरे यांनी मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये आणि पुढे पॅरिसमध्ये कलाशिक्षण घेतले. ‘राधाचं घर’ या संचात राधा आपल्या घरातील एकेका माणसाची ओळख करून देते. त्यात राक्षस नाही, परी नाही आणि शेवटी तात्पर्यही नाही. आहे ते रोजचे घर. शब्द आणि चित्र एकाच हातचे असल्याने मजकुरात न आलेले बरेच काही चित्र सांगून जाते. ‘चित्रवाचन’मध्ये तर मुलाने चित्र न्याहाळून गोष्ट स्वतःच रचायची असते. निरीक्षण, तर्क आणि भाषा यांची पायाभरणी येथेच होते. त्यांना २०१४ मध्ये साहित्य अकादमीचा बालसाहित्य पुरस्कार मिळाला. अक्षरे गिरवून घेण्याची घाई झालेल्या पालकांना या पुस्तकांचे सांगणे साधे आहे: मुलाला आधी पाहू द्यावे, बोलू द्यावे आणि आपण ऐकावे.