मोती विंधावा की कोरावा?

लेण्याद्रीच्या पायऱ्या चढून गिरिजात्मजाचे दर्शन घेणारे भाविक जवळच्या चैत्यगृहावरील लेखाकडे सहसा लक्ष देत नाहीत. हे चैत्यगृह कल्याणच्या ‘हेरणिका’च्या मुलाने, सुलसदत्ताने दान दिले, असे तो लेख सांगतो. हेरणिक म्हणजे सोनार किंवा खजिनदार, असा अर्थ विद्वान लावतात. कल्याणहून जुन्नरला येण्याची वाट नाणेघाटाची. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक ग्रंथात कल्याण बंदराचे नाव आहे आणि इराणी आखातातील मोती भडोचला येत, अशी नोंदही आहे. पश्चिम किनाऱ्याची मोत्यांशी ओळख इतकी जुनी!

पुढे त्याच आखातातल्या मोत्यांना आपण ‘बसरा मोती’ म्हणू लागलो. जुन्नर-आंबेगाव काय किंवा पुणे-मुंबई काय, आपल्या सणावारी नथ, तन्मणी, चिंचपेटी, कुड्या हव्यातच. पण एक गोष्ट पाहा. या दागिन्यांत मोती विंधलेला असतो, ओवलेला असतो. कोरलेला मात्र नसतो. पाषाणात चैत्य कोरणाऱ्या मुलखाने मोती का बरे कोरला नाही?

उत्तर मोत्याच्या घडणीत आहे. मोती म्हणजे कांद्यासारखे एकावर एक चढलेले अतिशय पातळ थर. त्या थरांवर खेळणारा प्रकाश म्हणजेच मोत्याचे ‘पाणी’. शिवाय मोती मऊ; हत्यार जरा चुकले की पाणी गेलेच! नथीतल्या बारीक मोत्यावर नक्षीला जागा तरी कोठली? म्हणून आपल्याकडची कला राहिली ती नेमके वेज पाडण्यात, मोती जुळवण्यात आणि गुंफण्यात.

१८९३ साली जपानात मिकिमोतो कोकिची यांनी शिंपल्यात अर्धगोल मोती वाढवून दाखविला. पुढे पूर्ण गोल मोतीही पिकवता येऊ लागले. ताहितीसारख्या ठिकाणचे काळसर, टपोरे, जाड थराचे मोती आज कारागीर बारीक हत्यारांनी कोरतात. थर पातळ असेल तर आतला शिंपेचा निस्तेज मणी उघडा पडतो. काही जण शिंपल्यात मण्याऐवजी फिरोजासारखा रंगीत खडा घालतात. मग मोती कोरला की आतला निळा रंग डोकावतो. मोठी मौजेची कला आहे ही, आणि हौस असेल त्याने असा दागिना खुशाल घ्यावा.

मात्र आजीची नथ त्यापायी मोडू नये. मोडीत पुष्कळदा भाव होतो तो सोन्याचा. मोती जमेसच धरले जात नाहीत. ते नैसर्गिक आहेत की पिकविलेले, हे क्ष-किरणांच्या तपासणीत कळते. ती आधी करून घ्यावी. वेज मोठे करू देऊ नये. अत्तर लावून झाल्यावरच मोती ल्यावेत आणि उतरवल्यावर मऊ कापडाने पुसून ठेवावेत. सोने वितळवून पुन्हा घडविता येते. मोत्याचे गेलेले पाणी कोणताही सोनार परत आणून देत नाही.